रस्त्याचा वाटा

पेट्रोल तेव्हा पत्र्याच्या डब्यातून यायचं. आमचे हे डबा फोडायचे, टाकीला नरसाळं लावून ओतायचे आणि डबा रिकामा झाला की उलटा धरून तळाचे दोन-चार थेंब खाली मातीत पाडायचे. "घे बाबा, तुझा वाटा," असं रस्त्याला म्हणायचे. मोटारीत बसलेली माणसं हसायची. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काहीतरी देवाचं असेल. विचारलं तर म्हणाले, "देवाचं कसलं? सरकारचं. दर डब्यामागं सरकार आपल्याकडनं रस्त्याचा कर घेतंय. त्यो रस्त्यापतूर येत न्हाय. मधीच कुठं जिरतोय कुणाला ठावं. म्हणून मी आपला थेंबभर देतो."

मोटार त्यांची नव्हे, निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची. हे ड्रायव्हर. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सकाळी आमच्या गावातून माणसं भरून निपाणीला न्यायची, दिवसभर तिकडच्या खेपा करायच्या आणि संध्याकाळी मोटार पुन्हा आमच्या दारात. दारात मोटार उभी म्हणून गावात आमचा केवढा रुबाब! आत चुलीवर भाकरी आणि पातळ आमटी, ती कुणाला दिसत नव्हती.

गावाच्या नि निपाणीच्या मध्ये एक ओढा. सडक त्या ओढ्याच्या पात्रातूनच जायची, पूलबिल काही नाही. अलीकडच्या काठाला सडक फुटून आडवा चर पडला होता, चांगलं निम्मं चाक आत जाईल एवढा. उन्हाळ्यात हे कसेबसे एका अंगानं मोटार काढायचे. पावसाळ्यात चर पाण्याखाली गेला की नुसता अंदाज. आणि तो चर बुजवायचा कुणी, हेच ठरत नव्हतं. ओढ्याच्या पलीकडं, निपाणीच्या बाजूला, इंग्रज सरकारचा मुलूख. अलीकडं, आमच्या बाजूला, संस्थान. सरकारच्या सडका जिल्ह्याचं लोकल बोर्ड बघायचं. बोर्डाची माणसं म्हणायची, चर संस्थानात आहे. संस्थानची माणसं म्हणायची, बोर्डाच्या हद्दीत आहे. वर्षानुवर्षं हेच.

मला त्याचं नवल नव्हतं. मी शहापूरची, हातमागवाल्यांच्या गल्लीतली. बेळगावातून चालत चालत शहापुरात पाय टाकला की राज्य बदलायचं; बेळगाव इंग्रजांचं, शहापूर संस्थानातलं. गटार तुंबलं की आमच्याकडं पहिला प्रश्न "कुणाचं?" हाच. वास मात्र दोन्ही राज्यांत सारखा यायचा. आम्ही पोरं त्याच्यावर हसायचो. हद्दीवरून माणूस मरू शकतो, हे मला सासरी येऊन कळलं.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची पाठची बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. श्रावणातली दुपार. कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. "आडवं हाय," ती म्हणाली. "माझ्याच्यानं हुयाचं न्हाय. निपाणीला दवाखान्यात न्ह्या." नशीब म्हणायचं की हे त्या दिवशी लवकर परतले होते. मोटारीत मागं वाकळ अंथरली, वन्संना निजवलं. सुईण बसली, मी बसले, आत्ती बसल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वन्सं माझा हात धरून एकच म्हणत होत्या, "वैनी, आण्णाला सांग, हळू चालव. आण्णाला सांग, लौकर चालव."

ओढ्याला पाणी फार नव्हतं. पण चर दिसत नव्हता. मागचं चाक त्यात गेलं आणि खाली काहीतरी कडाडकन मोडलं. हे खाली उतरले, ढकलू लागले. शेतातली माणसं धावून आली, तीही ढकलू लागली. मोटार हलेना. आणि तिथंच, मोटारीच्या मागच्या बाकावर, बाळ झालं. सुईणीनं कसं सोडवलं तिचं तिला माहीत. मुलगा होता. पुरा वाढलेला, नखंसुद्धा आलेली. रडला नाही. सुईणीनं पाठीवर मारलं, तोंडात फुंकर घातली, पाणी शिंपडलं. नाहीच रडला. हे गुडघाभर पाण्यात मोटारीला खांदा लावून उभे होते. आतलं रडणं ऐकायला थांबलेले. आतून रडणं आलं ते आत्तींचं.

वन्संना बाजेवर घालून माणसांनी खांद्यावरून निपाणीला नेलं. त्या वाचल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं, "पुढच्या वेळी कळा आल्या की लगेच आणा. वाटेत खोळंबलात तर बाळही जाईल आणि बाईही जाईल." हे नुसते मान हलवत राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत. त्यानंतर पेट्रोलचा डबा रिकामा झाला की हे तो तसाच बाजूला ठेवून द्यायचे. थेंब पाडायचे नाहीत. मोटारीतल्या कुणी विचारलं, "का रं, आज रस्त्याला उपास?" तर हँडल मारायला पुढं निघून जायचे.

चराच्या वर, आमच्याच काठाला, शेंदूर लावलेला एक उभा दगड होता. म्हसोबा. ओढा ओलांडताना सगळे त्याला हात जोडायचे. आत्तींनी तिथं पदर पसरून नवस केला, की लेकीचं पुढलं लेकरू जिवंत हाताला लागलं तर तुला घडीव दगडाचा कट्टा बांधीन. आणि नवस फळायची वाट न बघता त्या दगड जमवायलाच लागल्या. गावाबाहेर वडारांची वस्ती होती. आमच्या म्हशीचं तूप होईल तेवढं त्यांच्या वस्तीवर जायचं आणि त्याच्या बदल्यात चौकोनी घडवलेले काळे दगड एकेक करून ओढ्याकाठी यायचे. आम्ही घरात नुसतं ताक पीत होतो. मी एकदा कुरकुरले. आत्ती म्हणाल्या, "तुला तूप खायाचं हाय का भाच्याचं तोंड बघायचं हाय?" दुसऱ्या दिवशी तुपाचं गाडगं मीच वस्तीवर नेऊन दिलं. 

एक वर्ष मध्ये गेलं आणि वन्संना पुन्हा दिवस राहिले. ह्याही वेळी त्या माहेरीच आल्या, आणि आनंद व्हायचा तर सगळे बोटांवर दिवस मोजायला बसले. हिशेब केला तर दिवस पुन्हा ऐन पावसात भरत होते. निपाणीत आमचं कुणी नाही. व्यापाऱ्यानं वखारीमागची एक खोली द्यायचं कबूल केलं होतं, पण ती नागपंचमी झाल्यावर रिकामी होणार होती. त्याआधी कळा आल्या तर? ह्यांनी ठरवलं, काय वाट्टेल ते करून पावसाआधी तो चर बुजवून घ्यायचा. आणि फुकटात नव्हे. रस्त्याचे पैसे आपण डब्याडब्याला भरलेत, ते मागायचे.

सगळा उन्हाळा हे दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते. संस्थानच्या कचेरीत सांगितलं, पेट्रोल तुम्ही निपाणीत घेता, कर इंग्रज सरकारला जातो, आमच्याकडं काय मागता? बोर्डाच्या कचेरीत सांगितलं, कर आमच्याकडं येतो हे खरं, पण संस्थानच्या जमिनीवर आम्ही खडी टाकू शकत नाही. संध्याकाळी हे घरी येऊन दोघांच्याही नकला करून दाखवायचे. एकदा वन्सं पोटावर हात ठेवून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. त्यानंतर ह्यांनी नकला बंद केल्या.

शेवटी बोर्डाचा एक ओव्हरसियर जागा बघायला आला. वयस्कर माणूस, तोंडानं गोड. म्हणाला, "जुन्या नकाशात ह्या ओढ्याकाठी हद्दीचा दगड दाखवलाय. तो दाखवा. दगडाच्या निपाणीकडच्या अंगाला जे आहे ते आमचं. चर त्यात आला तर उद्या खडी टाकतो." सगळा गाव दगड शोधायला लागला. झुडपं तोडली, काठ उकरला. दगड नाही. तेवढ्यात गावातले सगळ्यांत म्हातारे आप्पा काठी टेकत आले आणि म्हणाले, "अरं, काय शोधतासा? त्यो काय, म्हसोबा. आमच्या आज्ज्याच्या वक्ताला त्यो नुसता दगडच हुता."

सगळी माणसं म्हसोबाकडं वळली. कुणी कानावर हात ठेवले. ह्यांच्या मात्र डोळ्यांत चमक आली. म्हसोबा आमच्या काठाला, चराच्या वर. म्हणजे चर निपाणीच्या अंगाला. म्हणजे बोर्डाचा! पण दगड हद्दीचाच आहे हे दाखवायचं तर अक्षरं दिसायला हवीत आणि अक्षरांवर तर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढलेला. देवाच्या अंगाला पातं कोण लावणार?

गुरवानं कौल लावायचा ठरवला. दगडाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाची परवानगी. आत्ती हात जोडून समोर बसल्या होत्या. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ऊन चढलं तरी पाकळी पडेना. ओव्हरसियर छत्री धरून झाडाखाली थांबला होता. मग उजवी पाकळी पडली. आत्तींनी स्वतः विळा मागून घेतला. "माझ्या लेकीसाठी हाय. पाप लागलं तर मला लागू दे," म्हणाल्या आणि शेंदूर खरवडायला बसल्या. जाड खपल्या पडायला लागल्या. मी त्या पदरात गोळा करत होते. खाली काळा दगड दिसला आणि दगडावर खोल कोरलेलं अक्षर. स. मग र. सरकार. माणसं ओरडलीच. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर त्यांचा असा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

ओव्हरसियरनं दगडाभोवती एक फेरी मारली. मागच्या अंगाचा शेंदूरही थोडा काढायला लावला. तिथं संस्थानचं अक्षर निघालं. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं. मग हळू आवाजात म्हणाला, "अहो, हा दगड उलटा आहे. सरकार ही अक्षरं निपाणीकडं हवीत, ती तुमच्या गावाकडं आहेत. संस्थानचं अक्षर गावाकडं हवं, ते निपाणीकडं आहे. हा दगड कुणीतरी काढून पुन्हा रोवलाय."

कुणालाच काही समजेना. मग म्हाताऱ्या आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "व्हय व्हय," ते म्हणाले. "दिवाचं त्वांड उगवतीला नगं का? मावळतीकडं त्वांड करून दिव बसतुया व्हय? आमच्या आज्ज्यानं फिरवून बशिवला. ज्या अंगाला मोटी अक्षरं ती दिवाची मुद्रा, आसं समजून." निपाणी आमच्या मावळतीला. देवाचं तोंड उगवतीला करताना सरकारचं तोंड संस्थानाकडं झालं होतं. आणि फिरवताना तो पलीकडच्या काठावरून इकडं आणला का इथल्या इथंच फिरवला? तेही आप्पांना सांगता येईना. एकदा म्हणत इथंच. एकदा म्हणत, पुरात देव बुडतो म्हणून पलीकडनं आणला असावा.

"हलवलेला दगड हद्दीला चालत नाही," ओव्हरसियर म्हणाला. "मी काय लिहू? तुम्हीच सांगा."

ह्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "सायेब," हे ओरडले, "निपाणीत पेट्रोल घेताना मला कुणी इचारलं न्हाय, तू कुठल्या हद्दीत गाडी चालवणार म्हणून! घेताना हद्द न्हाय, मग देतानाच हद्द कशी आली?"

ओव्हरसियर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "ते पैसे बड्या सडकांना जातात," तो म्हणाला. "सगळे जातात का, ते मलाही ठाऊक नाही. मला खडीची गाडी मागितली तर सहा महिन्यांनी मिळते." आणि छत्री मिटून निघून गेला. माणसंही पांगली. हे चराच्या काठावर उकिडवे बसले आणि मातीत बोटानं काहीतरी रेघोट्या मारायला लागले. खरवडलेला देव उघडाबोडका उभा होता. मला त्याच्याकडं बघवेना.

आत्ती उठल्या. कट्ट्यासाठी रचून ठेवलेल्या दगडांपाशी गेल्या, सगळ्यांत वरच्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ऊठ रं. हे घाल त्यात."

"आव्वा, ते दिवाचं हाईत."

"दिवाचंच ऱ्हाऊ देत. कट्टा हितं बांधायचा त्यो तितं बांधू. कट्टा कट्टाच."

"लोक त्यावरनं पाय देऊन जातील. बैलं शेण टाकतील."

"दिव शेणानं मळतोय व्हय रं? आनि पाय द्यायाचा त्यो अनवाणी देतील. मी हाय की सांगायला." एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. नातवाच्या वेळी सुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. नवसाचे दगड काढून देणं म्हणजे काय, ते ज्यानं नवस केलाय त्यालाच कळतं. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांची पाठ चोळत राहिले. माझ्या डोळ्यांनाही धार लागली होती.

दुसऱ्या दिवशी वडारांची माणसं पहारी घेऊन आपणहून आली. गावातली दहा-बारा माणसं आली. चराचा तळ मुरमानं दाबून घेतला आणि वर ते घडीव दगड एकाला एक सांधून बसवले. गुरवानं नारळ फोडला, खरवडलेल्या खपल्या तेलात कालवून म्हसोबाला पुन्हा शेंदूर चढवला. त्याला सुलटा करावा का, अशी कुणीतरी चर्चा काढली. आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता उगवतीकडंच. सरकारनं न्हाय बघितलं, सूर्य तरी बघंल त्येच्याकडं."

त्या दिवसापासून आत्तींचा कायदा सुरू झाला. त्या दगडांवर पायताण घालून कुणी जायचं नाही. पायी जाणारे चपला हातात घ्यायचे. गाडीवान खाली उतरून अनवाणी बैल हाकायचे. मोटारीतली माणसंसुद्धा तेवढ्यापुरती पायातलं काढून बाकाखाली सारायची आणि हे पायातली चप्पल बाजूला सारून अनवाणी पायानं ब्रेक दाबायचे. निपाणीची शिकलेली मंडळी हसायची. हसायची, पण काढायची.

पंचमी यायच्या आधीच वन्संना कळा सुरू झाल्या. पाऊस धो धो पडत होता. ओढ्याला पाणी होतं आणि दगड पाण्याखाली होते. तीच मोटार, तीच वाकळ, आम्ही त्याच तिघी. ओढा आला तसा वन्संनी माझा हात इतका आवळला की बांगडी फुटून मनगटात रुतली. हे काचेतून नुसतं पाणी बघत होते. मागून आत्ती म्हणाल्या, "बघू नगंस. चालीव. खाली दगड हाईत. माझं हाईत." ह्यांनी मोटार पाण्यात घातली. खालून चाकांना काहीतरी टणक लागलं, ठक ठक ठक, आणि पुढचं चाक वर चढलं, मागचं चढलं, आणि आम्ही पलीकडं गेलो.  दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी वन्संना आत घेतलं. आम्ही बाहेर पडवीत भिंतीला टेकून बसलो. मग आतून रडणं आलं. ह्या वेळी बाळाचं. मुलगी. हे उठले, बाहेर पावसात गेले आणि मोटारीच्या टपाला डोकं टेकून उभे राहिले.

दिवाळी झाल्यावर वन्संना सासरी पोचवायचं होतं. सकाळच्या खेपेच्या माणसांबरोबर आत्ती निघाल्या, मी निघाले, बाळ आत्तींच्या मांडीवर. ओढ्याला आता पाऊलभर पाणी होतं आणि दगड स्वच्छ धुऊन निघाले होते. आम्ही पोचलो तर दगडांच्या मधोमध एक माणूस उभा. अंगात कोट, पायात बूट, हातात मापाची टेप. आधीचा ओव्हरसियर बदलून गेला होता, हा त्याच्या जागी नवा आलेला. ह्यांनी मोटार थांबवली. त्या माणसानं मान वर केली, पायाखालच्या दगडांवर बूट आपटून बघितला आणि खूश होऊन कानडीत म्हणाला, "छलो आगेद." म्हणजे चांगलं झालंय. मग आमच्या मोटारीकडं बघून मराठीत म्हणाला, "तुम्ही मोटारवाले नेहमी ओरडता ना, पेट्रोलवरचा कर जातो कुठं म्हणून? हे बघा. इथं आलाय तुमचा कर. असं पक्कं काम मी ह्या भागात दुसरं बघितलं नाही."

हे दार उघडून खाली उतरले. मुठी आवळून त्या माणसाकडं निघाले.  वन्सं मागून हळूच म्हणाल्या, "आण्णा, नगं." तेवढ्यात आत्तींनी बाळ माझ्या हातात दिलं. पदर सावरला, दांडीला धरून पायरीवरून खाली उतरल्या, अनवाणी, आणि त्या माणसासमोर जाऊन हात जोडले.

"पायताण काढा, सायेब," त्या म्हणाल्या. "दिवाच्या कट्ट्यावर उभं हाईसा तुमी."

तो हसला. मग त्यानं ह्यांच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मोटारीतून डोकावणाऱ्या माणसांकडं बघितलं. पलीकडून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन येत होती, तिच्या हातात चपला होत्या. त्याचं हसू गेलं. त्यानं टेप खिशात घातली, खाली वाकला आणि पाण्यात उभ्या उभ्याच बुटाची नाडी सोडायला लागला.